एक जुनी स्कूटर, दोन गाणी आणि एक लाख रुपये: नागपुरात पहिला चित्रपट करताना

ज्यांनी आजवर एकही चित्रपट केलेला नाही, पण आपल्या आसपासच्या पोरापोरींच्या गाड्या, त्यांची गाणी, त्यांचे कपडे आणि फुटाळा तलावाच्या काठावर रात्री रंगणाऱ्या त्यांच्या गप्पा पडद्यावर याव्यात असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर धरलेला चित्रपट 25 ते 30 मिनिटांचा, सहा दिवसांत चित्रित होणारा आणि सात-आठ जणांच्या चमूने करायचा आहे. पहिल्याच प्रयत्नात दोन तासांचा चित्रपट हाती घेऊ नये. पैसा कसाबसा उभा राहतो, पण विसाव्या दिवशीही फुकट काम करायला येणारे मित्र उभे राहत नाहीत.

पहिली पायरी: आधी टोळके पाहावे, मग पटकथा लिहावी

तरुणांच्या वेगळ्या जगावर चित्रपट करणारे बहुतेक नवखे कपड्यांपासून सुरुवात करतात आणि तेथेच फसतात. असा पेहराव मुळात कशातून जन्मतो, हे इंग्लंडमधील ‘मॉड’ तरुणांच्या उदाहरणावरून चांगले कळते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये हे टोळके दिसू लागले. साध्यासुध्या नोकऱ्या करणारी ही मुले पगारातला मोठा हिस्सा नेटक्या इटालियन धाटणीच्या सुटांवर खर्च करीत आणि रात्रभर अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतावर नाचत. पियाजिओ कंपनीची व्हेस्पा 1946 मध्ये आणि इनोसेंटीची लॅम्ब्रेटा 1947 मध्ये इटलीत निघाली होती. मॉड मुलांनी या स्कूटरी पसंत केल्या, कारण रात्री उशिरा बस आणि रेल्वे बंद झाल्यावर घरी पोहोचण्याचे ते परवडणारे साधन होते आणि स्कूटरचे इंजिन पत्र्याखाली झाकलेले असल्याने सुटाला ऑईलचे डाग पडत नसत. थंडीवाऱ्यापासून सूट वाचवण्यासाठी त्यांनी लष्कराच्या जुन्या मालातले लांब पार्का कोट अंगावर चढवले. 1964 मध्ये ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर मोटारसायकलवाल्या ‘रॉकर’ मुलांशी त्यांच्या मारामाऱ्या झाल्या आणि वर्तमानपत्रांनी तो पार्का कोट घराघरांत पोहोचवला. म्हणजे आज जी ऐट म्हणून ओळखली जाते, ती आधी गरज होती.

आपल्याकडे अशी गरज शोधायला फार लांब जावे लागत नाही. मार्च उजाडला की शंकरनगर चौकात गाडी सुरू करण्यापूर्वी एखादी मुलगी स्कार्फ कसा बांधते, ते नीट पाहावे. एक टोक दातांत धरून ती दुसरे टोक कपाळावरून घेते, दोन वेढे देते, मागे गाठ मारते, मग गॉगल लावते आणि शेवटी कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे चढवते. चेहरा पूर्ण झाकला जातो, तरी चौकाच्या पलीकडून तिच्या मैत्रिणी तिला स्कार्फच्या रंगावरून ओळखतात. हा स्कार्फ उन्हासाठी आहे, पण ओळखीच्या काकांची नजर चुकवण्यासाठीही त्याचा उपयोग होतो आणि हे दुसरे कारण कोणी मोठ्याने सांगत नाही. चित्रपटाचे बीज अशा ठिकाणी सापडते.

त्यामुळे पहिला एक महिना कॅमेरा घरी ठेवून वही घेऊन हिंडावे. एकच टोळके निवडावे, मग ते धरमपेठेतले असो, महालातले असो की इंदोऱ्यातले. त्यांचे कपडे टिपण्यापेक्षा त्यांचे व्यवहार टिपावेत: गाडी कोणाच्या वडिलांच्या नावावर आहे, पेट्रोलचे पैसे कोण काढतो, कोणाला किती वाजता घरी पोहोचावे लागते, मोबाइलवर गाणे लावण्याचा मान कोणाला मिळतो आणि कोणाचे गाणे मध्येच बदलले जाते. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून टोळक्यातली उतरंड जितकी स्पष्ट दिसते, तितकी तासभराच्या मुलाखतीतून दिसत नाही. टोळक्यातील मुले 18 वर्षांखालील असतील तर त्यांच्या आईवडिलांना घरी जाऊन भेटावे, लेखी संमती घ्यावी आणि काहीही झाले तरी त्यांच्या हाती गाडी देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवल्यास पालक किंवा वाहनमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी पायरी: एका पानाची गोष्ट आणि नागपुरी बोली

गोष्ट एका पानात मावली पाहिजे आणि तिच्यात स्कूटरला काम असले पाहिजे. स्कूटर केवळ शोभेला उभी असेल तर ती पाचव्या मिनिटाला कंटाळवाणी होते. आजोबांची बंद पडलेली स्कूटर चालू करून गाण्याच्या कार्यक्रमाला पोहोचायचे आहे, ही साधी कल्पनाही पुरेशी आहे, कारण तिच्यात अंतर आहे, वेळेची मर्यादा आहे आणि वाटेत बिघडू शकणारी वस्तू आहे.

संवाद लिहिताना आपल्या बोलीची लाज बाळगू नये आणि तिचे प्रदर्शनही मांडू नये. नागपूरचा मुलगा मित्राला ‘तू काय करतो आहेस?’ असे विचारत नाही, तो ‘काय करून रायला बे?’ असे विचारतो. तोच मुलगा गॅरेजवाल्याशी ‘भाऊ, गाडी चालूच नाही होऊन रायली’ असे बोलतो, तेथे ‘बे’ येत नाही. घरी आजोबांसमोर त्याची भाषा आणखी बदलते आणि कॉलेजच्या कट्ट्यावर तो अर्धे वाक्य हिंदीत पूर्ण करतो. एकाच पात्राच्या तोंडी हे चार पदर आले की ते पात्र नागपूरचे वाटते. प्रत्येक ओळीत ‘काहून’ (का) आणि ‘पोट्टे’ (पोरे) पेरले की ते नकलेसारखे वाटते. लिहिलेले संवाद त्याच टोळक्याला वाचायला द्यावेत आणि ज्या ओळीवर ते अडखळतील ती ओळ त्यांच्याकडूनच बदलून घ्यावी.

तिसरी पायरी: स्कूटर

येथे घाई करू नये, कारण चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत लहरी पात्र हेच आहे. भारतात स्कूटरचा इतिहास मोठा आहे. लॅम्ब्रेटाची जुळणी 1950 च्या दशकात मुंबईत होऊ लागली, पुढे सरकारी स्कूटर्स इंडियाने लखनौमध्ये विजय सुपर बनवली, बजाजची चेतक 1972 मध्ये आली, त्यानंतर कानपूरची एलएमएल व्हेस्पा आणि गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. एके काळी चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. बजाजने पेट्रोलच्या स्कूटरी बनवणे 2009 मध्ये बंद केले, पण नागपूरच्या जुन्या वस्त्यांत जिन्याखाली आच्छादन घालून ठेवलेली चेतक अजूनही सापडते. ती विकत घेऊ नये, चित्रीकरणापुरती मागून घ्यावी आणि चालू करण्याचा खर्च आपण करावा. मालकाला हा व्यवहार बहुधा आवडतो.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आरसी, विमा आणि पीयूसी पाहावे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांपुरती असते आणि त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. ते झालेले नसेल तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये, बंदिस्त आवारातच तिचे चित्रीकरण करावे. नंबरप्लेट बदलण्याचा मोह टाळावा. एमएच 31 ही पाटी नागपूरच्या प्रेक्षकाला क्षणात आपल्या गावात आणून ठेवते.

त्यानंतर जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरी हाताळलेला एखादा वयस्क मिस्त्री शोधावा आणि त्याला चमूचा भाग मानावे, त्याच्या मजुरीची तरतूद आधी करावी आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव घालावे. नायकाची भूमिका करणाऱ्या मुलाला त्याच्याकडे चार दिवस पाठवावे. डाव्या हाताने क्लच दाबून मूठ फिरवत गिअर टाकणे, सीटखालचा पेट्रोलचा कॉक ‘रिझर्व्ह’वर नेणे, एका लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-टी ऑईल मिसळणे आणि किक बसत नसेल तर गाडी एका बाजूला कलती करून पुन्हा उभी करणे, या हालचाली अंगात मुरल्या नसतील तर पडद्यावर त्या लगेच उघड्या पडतात. आजची मुले बटण दाबून गाडी सुरू करतात. त्यांचा पाय किकवर नेमका कोठे पडावा, हे सांगून येत नाही.

आमच्या पहिल्या लघुपटात आम्ही हा भाग हलका समजलो होतो. पहिल्या दिवशी सकाळी गाडी दोनदा चालू झाली आणि तिसऱ्या वेळी बसली ती बसलीच. तीन तास ढकलाढकलीत गेले, ऊन डोक्यावर आले आणि शेवटी मिस्त्रीभाऊंनी प्लग काढून दाखवला. तो काजळीने काळाठिक्कर पडला होता. पॉलिश पेपरने घासून त्यांनी तो परत बसवला आणि दुसऱ्या किकला गाडी उठली. तेव्हापासून दोन जास्तीचे प्लग, क्लच आणि गिअरची एकेक केबल, पॉलिश पेपर आणि प्लगपाना हे सामान कॅमेऱ्याच्या बॅगेतच राहते.

रात्रीच्या दृश्यांसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक जुन्या स्कूटरींचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज देणाऱ्या भागावर चालतो, त्यामुळे गाडी उभी असताना तो पिवळट आणि मंद दिसतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजळतो. हा दोष मानून दुसरा दिवा बसवू नये. मुलगा कोणाच्या तरी घरासमोर थांबला आहे, जावे की जाऊ नये हे ठरत नाही आणि त्याची मूठ नकळत फिरत असल्याने समोरची भिंत उजळते, विझते, पुन्हा उजळते, हे दृश्य एकही संवाद न लिहिता मिळते.

चौथी पायरी: गाणी

नवख्यांचे सर्वाधिक नुकसान येथे होते, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे. गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांच्या कृतीला त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे आणि ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर 60 वर्षे संरक्षण असते. नागपुरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण दीक्षाभूमीच्या या शहरात भीमगीते घराघरांत, मंडपांत आणि डीजेवर वाजतात आणि ती सर्वांची आहेत असे प्रत्येकाला वाटते. भावनेने ती सर्वांची आहेतच. परंतु भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक यांचे 2004 मध्ये निधन झाले, म्हणजे त्यांचे शब्द 2064 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. चित्रपटात त्यांचे गीत घ्यायचे असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी आणि ते गीत तुमच्या ओळखीच्या गायकाने नव्याने गायले तरीही ती लागतेच. पाच सेकंद किंवा दहा सेकंद फुकट वापरता येतात, या समजुतीला कायद्यात आधार नाही.

आम्ही संकलन करताना ‘तात्पुरते’ म्हणून एक प्रसिद्ध चित्रपटगीत लावले होते. दोन महिने त्याच्या ठेक्यावर आम्ही दृश्ये कापत राहिलो. हक्कांसाठी पत्र पाठवले तेव्हा कंपनीने जी रक्कम सांगितली, ती आमच्या संपूर्ण चित्रपटाच्या खर्चाच्या तिप्पट होती. गाणे काढले आणि चार मिनिटांचा तुकडा पांगळा झाला, कारण एकही कट स्वतःच्या पायावर उभा नव्हता. त्यामुळे संकलनाच्या टेबलावर परवानगी नसलेले गाणे एक दिवससुद्धा ठेवू नये.

यावर उपाय जवळच आहे. नागपुरात हिंदी, मराठी आणि वऱ्हाडी बोलीत रॅप करणारी, भीमगीतांना नवा ठेका देणारी आणि कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारी मुले भरपूर आहेत. त्यांच्याकडून दोन गाणी नव्याने करून घ्यावीत आणि शक्यतो पटकथा लिहीत असतानाच करून घ्यावीत, म्हणजे गाण्यातली ओळ संवादात आणि संवादातला शब्द गाण्यात सहज येतो. किक मारल्याचा आवाज, स्टँडचा खटका, पत्र्यावर मारलेली थाप हे सगळे गाण्याच्या ठेक्यात वापरता येते. आमच्या एका गाण्यात तबल्याच्या जागी स्टेपनीच्या झाकणाचा आवाज आहे.

मैत्री कितीही घट्ट असली तरी करार लेखी आणि स्वाक्षरीनिशी करावा, कारण तोंडी दिलेल्या हक्काला कायदा ओळखत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत धरला जातो. म्हणजे सहाव्या वर्षी किंवा परदेशी महोत्सवात चित्रपट दाखवताना अडचण येते. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त इतर वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा समान वाटा राखून दिला आहे आणि तो करार करूनही काढून घेता येत नाही. हे त्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून आपणच त्यांना समजावून सांगावे. रॅपरने इंटरनेटवरून विकत घेतलेला बीट, म्हणजे तयार ठेका वापरला असेल तर त्या बीटचा परवाना मागून वाचावा. पुष्कळ स्वस्त परवाने केवळ गाणे ऐकवण्यापुरते असतात, चित्रासोबत वापरण्याची मुभा त्यांत नसते.

पाचवी पायरी: जागा आणि परवानग्या

रस्त्यावरच्या चित्रीकरणासाठी संबंधित पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा, तर बाग, मैदान किंवा तलावाच्या परिसरासाठी ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे ते कार्यालय, असा साधा हिशेब आहे. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत, तेव्हा जागा कोणत्या झोनमध्ये येते हे आधी पाहून अर्ज करावा. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि दृश्याचे दोन ओळींत वर्णन द्यावे आणि पोच घेतलेली प्रत चित्रीकरणाच्या जागी जवळ ठेवावी. ड्रोनचा विचार सोडून देणे उत्तम. शहरात विमानतळ आणि हवाई दलाचा तळ असल्याने बऱ्याच भागावर उड्डाणाचे निर्बंध आहेत आणि अशा गोष्टीला आकाशातून पाहण्याची गरजही नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत आपली पात्रे सोडण्याचा मोह प्रत्येक नागपूरकर दिग्दर्शकाला होतो, पण ती गर्दी तुमच्यासाठी दुसरा टेक देणार नाही, त्यामुळे पहिल्या चित्रपटात ते टाळावे.

सहावी पायरी: चित्रीकरण

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे तिरप्या उन्हाचे सकाळचे आणि संध्याकाळचे दोन तास हाती लागतात आणि दुपारी सावलीतली दृश्ये घेता येतात. गोष्टीला उन्हाळाच हवा असेल तर मार्चअखेर गाठावी. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, फोन आणि कॅमेरे तापून बंद पडतात आणि घरातल्या दृश्यांत डेझर्ट कूलरची घरघर प्रत्येक संवादात मिसळते. कूलर बंद करून खोलीत दहा मिनिटांपेक्षा जास्त काम होत नाही.

कॅमेरा मित्राचा असो की चांगल्या फोनचा असो, सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवावे. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि दुकानांच्या पाट्यांची लुकलुक त्यामुळे टळते. धावत्या स्कूटरचे दृश्य घेण्यासाठी दुसऱ्या दुचाकीवर मागे तोंड करून बसणे हा वेडेपणा आहे. ई-रिक्षा भाड्याने घ्यावी. ती आवाज करत नाही, हळू चालते आणि मागे पाहणाऱ्या कॅमेरामनला पट्ट्याने नीट बांधता येते. वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवावा, पडद्यावर तो पुरेसा वाटतो.

हेल्मेटचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. रस्त्यावर ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला बंधनकारक आहे आणि चित्रीकरण हा अपवाद नाही. समोरून उघडे हेल्मेट घेतले तर चेहरा दिसतो, आणि मॉड मुलांनी जशी स्कूटरला आरशांची रांग लावून आपली ओळख ठसवली, तशी तुमच्या पात्रांना हेल्मेटवरच्या स्टिकरांनी आणि रंगाने ठसवता येते.

चालत्या गाडीवरचे संवाद चालत्या गाडीवर ध्वनिमुद्रित करू नयेत. दृश्य घ्यावे, संवाद लगेच नंतर बंद गाडीवर त्याच बसण्यात बोलून घ्यावेत आणि इंजिनाचा आवाज संकलनात वेगळा जोडावा. त्यासाठी एक पहाट राखून ठेवावी. गोरेवाड्याच्या बाजूला एखादी शांत जागा पाहून किक, निष्क्रिय फिरणारे इंजिन, चारही गिअर, जवळून जाणारी आणि लांबून येणारी गाडी, कॉकचा खटका असे सगळे आवाज स्वतंत्र घ्यावेत. ध्वनीसाठी 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट ही मांडणी ठेवावी.

पैशांची वाटणी मी अशी करीन: ध्वनियंत्रणा आणि अंतिम मिश्रणासाठी 25 हजार, जेवण आणि चहापोह्यांसाठी 22 हजार, दोन गाण्यांसाठी 18 हजार, स्कूटर आणि मिस्त्रीसाठी 12 हजार, दोन हार्ड डिस्कसाठी 8 हजार, परवानग्या आणि कागदपत्रांसाठी 5 हजार, आणि उरलेले 10 हजार कोणालाही न सांगता बाजूला ठेवलेले. कॅमेऱ्यावर खर्च नाही. प्रेक्षक थोडे धूसर चित्र सहन करतात, पण न कळणारा संवाद सहन करत नाहीत.

सातवी पायरी: संकलन आणि पहिले प्रदर्शन

पहिली जुळणी संगीताविना करावी. ती अशी पाहवली तरच गाणी घालावीत. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचे असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन पोटवर्ग झाले आहेत. पात्रे सिगारेट ओढताना दाखवली असतील तर आरोग्यविषयक सूचना घालाव्या लागतात, तेव्हा ती सिगारेट गोष्टीला खरोखर हवी आहे का, हे लिहितानाच ठरवावे.

महोत्सवांना पाठवण्यापूर्वी पहिले प्रदर्शन त्या टोळक्यासाठी, त्यांच्याच गल्लीत, पांढऱ्या चादरीवर करावे आणि मिस्त्रीभाऊंना आणि स्कूटरच्या मालकाला आवर्जून पुढच्या रांगेत बसवावे. मुले आपल्या बोलण्यातली चूक काढतील. मिस्त्री कदाचित एवढेच म्हणतील की तिसऱ्या दृश्यात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि आवाज चौथ्याचा लागला आहे. त्याच रात्री ते लिहून घ्यावे, पहाटे घेतलेल्या आवाजांतून दुसऱ्या गिअरचा तुकडा काढून तेथे बसवावा आणि मगच अंतिम प्रत काढावी.